पुढच्या चाकातलं शिसं

दिवाळी आटोपते, थंडी हळूहळू अंगाला लागू लागते आणि यवतमाळहून पुसदला जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना कपाशी फुटते. बोंडाला आधी एक बारीक चीर पडते. मग वाळकी टरफलं उलगडतात आणि आतला ओलसर, चुरगळलेला कापूस बाहेर येऊन उन्हात फुगायला लागतो. लहानपणी वेचणीला गेलं की त्या टरफलांची टोकं बोटांना टोचायची, संध्याकाळी हात धुताना पाणी झोंबायचं. या ऋतूची माझ्याजवळ एवढीच आठवण असती तर बरं झालं असतं. पण आता एसटीच्या खिडकीतून पांढरं शेत दिसलं, की तळहातावर शिसं ठेवल्यासारखा गारवा जाणवतो.

पुसदला उतरले की मी आधी टायरच्या दुकानात जाते. दारात जुन्या टायरांची चळत, आत चाकं बॅलन्स करायचं यंत्र आणि यंत्राशेजारी उंच स्टुलावर माझा धाकटा भाऊ नितीन. चाक गरगर फिरतं, थांबतं. ते कुठे हलकं आहे हे यंत्र दाखवतं. नितीन शिशाच्या पट्टीचा तुकडा तोडतो, रिमला आतून चिकटवतो, अंगठ्याने दाबून धरतो आणि चाक पुन्हा फिरवतो. त्याच्या दोन्ही पायांना पोटरीपासून तळव्यापर्यंत प्लास्टिकचे स्प्लिंट आहेत. कोणी विचारलं तर तो आजही ‘युनूसचं दुकान’ असंच सांगतो. युनूस त्या हिवाळ्याच्या शेवटी गेला. त्याच हिवाळ्याबद्दल मला सांगायचं आहे.

युनूस आणि नितीन पुसदच्या आयटीआयमध्ये एका बाकावर बसायचे. बाबा लवकर गेले, मी यवतमाळला शाळेत शिकवत होते, म्हणून फुलसावंगीची शेती नितीनने अंगावर घेतली. युनूसने वडिलांचं पंक्चरचं दुकान वाढवलं, बॅलन्सिंगचं यंत्र आणलं. दोघांची लग्नं झाली तरी रविवार मात्र त्यांनी आपापल्या बायकांना दिला नाही. त्याला कारण झाली एक खेळण्यातली जीप.

युनूसचा मोठा भाऊ आखातात ड्रायव्हर होता. एका ईदला तो ती घेऊन आला. रिमोटवर चालणारी, हातभर लांब, अंगाच्या मानाने चाकं मोठी, टायर मऊ रबराचे. मला वाटलं आता भरधाव पळेल. नितीनने कळ दाबली आणि ती मुंगीसारखी सरकली.

“हे पयाची गाडी नाही ताई, हे चढाची गाडी हाय,” तो म्हणाला. “क्रॉलर म्हनते हिले. दगड दिसला का चढते.”

आमच्या शेताच्या खालच्या अंगाला नाला आहे. पावसाळा सोडला तर कोरडा, नुसते काळे धोंडे. तिथे हे दोघे मोठे बाप्ये उकिडवे बसून ती जीप धोंड्यांवर चढवायचे. तिचं एक चाक खाचेत, दुसरं हवेत, तिसरं घसरतंय, असं चालायचं. आई कपाळावर हात मारून घ्यायची.

“लगन झालेले मानसं तुमी, अन् खेळन्याच्या मांगं लागले!”

“मावशी, लोकं पत्ते खेळते, आमी धोंडे चढतो,” युनूस म्हणायचा. “पत्त्यापेक्षा बरं हाय का नाही?”

आईला हसू यायचं आणि ती चहा ठेवायला आत वळायची.

मग ते वर्ष आलं. कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली होती. दुरून पाहणाऱ्याला वाटावं काय पीक आहे! पण हिरवंगार बोंड हातात घेऊन फोडलं की आत गुलाबी अळी वळवळायची. सगळा जिल्हा औषध फवारत सुटला होता; कीटकनाशकाला इकडे औषधच म्हणतात. कपाशी कमरेएवढी असते तेव्हा फवारा झाडावर पडतो, डोक्याएवढी झाली की तो फवारणाऱ्याच्याच अंगावर परत येतो. भाद्रपदाचं ऊन, पानही हलत नव्हतं. नितीनने तोंडाला रुमाल बांधला होता. रुमालच तो, त्याने काय अडणार?

दुपारी घरी आला आणि रेखाला, त्याच्या बायकोला, म्हणाला, “तुह्यं तोंड मले अंधुक काहून दिसून राह्यलं?” मग उलट्या सुरू झाल्या.

यवतमाळच्या दवाखान्यात मी धावत पोचले तेव्हा त्याच्या नाकातोंडात नळ्या होत्या. वॉर्डभर तसलेच शेतकरी, तसलेच मजूर. आंघोळ घातलेल्या माणसांच्या अंगालाही औषधाचा वास येत होता. शेजारच्या खाटेवरचा माणूस, दारव्ह्याकडचा, दुसऱ्या दिवशी पांढऱ्या चादरीखाली गेला आणि त्याची बायको कुणाशीही न बोलता त्याच्या चपला हातात घेऊन उभी राहिली. नितीन वाचला. तेवढे सगळे दिवस युनूस दुकान बंद ठेवून दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून होता. मी खाली आले की तो उठून उभा राहायचा. विचारायचा काहीच नाही, माझ्या तोंडाकडे बघायचा.

घरी आणल्यावर वाटलं, संपलं. पण काही आठवड्यांनी नितीनच्या तळपायांना मुंग्या यायला लागल्या. चालताना चप्पल निसटून मागे राहायची आणि त्याला कळायचंही नाही. मग पंजे उचलेनासे झाले. पाऊल टाकायला पाय उचलावा तर पंजा खाली लोंबकळायचा, बोटं जमिनीला अडकायची, तो तोंडावर पडायचा. हातही थरथरायला लागले. विष नसांत उतरलंय, डॉक्टर म्हणाले. त्यांनी पायांना स्प्लिंट दिले. नितीनने ते खाटेखाली ढकलून दिले.

मी दर शनिवारी अर्धी शाळा करून एसटीने फुलसावंगीला यायचे. तो अंगणात खाटेवर, भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचा. बघायला येणारे खाटेच्या कडेला टेकायचे आणि एकच विचारायचे, “आता कसं, हलकं वाटते ना?” आपल्याकडे आजाऱ्याला हेच विचारतात. ताप उतरला की अंग हलकं होतं, रडलं की मन हलकं होतं, देवाला जाऊन आलं की सगळंच हलकं. नितीन हूं म्हणायचा. एकदा ते लोक गेल्यावर भिंतीकडे बघतच मला म्हणाला, “ताई, पाय इतके हलके झाले, का मले ते हायेत का नाही हेच समजत नाही.”

शेतात कापूस उभा होता. रेखा आणि आई दोन बायका लावून वेचत होत्या. निम्मी बोंडं किडकी, पिवळट, न फुलता कवडीसारखी घट्ट झालेली. आजूबाजूचे लोक झाडं उपटून मोकळे होत होते. ट्रॅक्टरचा आवाज अंगणापर्यंत यायचा आणि नितीन कानावर पांघरूण ओढायचा.

मार्गशीर्षातल्या एका रविवारी युनूस आला. मी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होते. त्याने मोटारसायकल लावली, थैलीतून ती जीप काढली, कुंपणाकडचे चार-सहा दगड आणून खाटेसमोर रचले आणि एक शब्द न बोलता जीप चढवायला लागला. थोडी चढली की ती पुढून उचलली जायची आणि मागे उताणी पडायची. युनूस उठायचा, सरळ करायचा, पुन्हा चढवायचा. पुन्हा उताणी. शेंगा सोलणं थांबवून मी नितीनकडे बघत होते. त्याची मान भिंतीकडून वळली होती.

“समोरून हलकी हाय ते,” शेवटी तो म्हणाला. आवाज घोगरा झाला होता. “किती खेप पाडशीन?”

“मंग काय करू?”

“समोर वजन टाक.”

“बोनेटवर ठेवू?”

“बोनेटवर ठेवलं तं अजून लवकर पडन! वजन वर नको. चाकात टाक. पार खाली.”

युनूसने थैलीतून पत्र्याचा डबा काढला. डब्यात बॅलन्सिंगच्या शिशाच्या पट्ट्या होत्या आणि बारीक पाने-पेचकस, डिंकाची ट्यूब, सगळं होतं. तेव्हा मला कळलं, हा तयारीने आला होता.

शिशाची पट्टी म्हणजे बोटाएवढी करडी वस्तू, चॉकलेटच्या वडीसारखे तिचे चौकोनी तुकडे तोडता येतात. एवढीशी, पण हातात घेतली की हात दचकतो. डोळ्यांनी केलेला अंदाज चुकतो. पुढची दोन्ही चाकं काढायची, रिमभोवतीच्या कड्याचे बारीक स्क्रू सोडवायचे, टायर सोलून वेगळा करायचा, आतला फोम काढायचा आणि मग रिमच्या घेरावर शिसं बसवून सगळं पुन्हा होतं तसं करायचं. नितीनने पहिला स्क्रू धरायचा प्रयत्न केला. तो बोटांतून निसटला. दुसरा निसटला. त्याने तिसरा उचलून माझ्या तळहातावर ठेवला.

“तू कर ताई. मी सांगतो.”

मी केलं. रेखा कापसाचं ओझं घरात टाकून आली होती, तीही बसली. केसांत कापसाचे तंतू, बोटं चिरलेली. तिच्याकडे दुसरं चाक दिलं. स्क्रू फिरवता फिरवता ती खाली मान घालूनच बोलली. “त्या दिवशी औषध म्याच कालवून देल्लं होतं. पंपात म्याच भरलं.” मग नितीनने हात लांब करून तिच्या केसांतला कापूस काढला. थरथरत्या बोटांनी त्याला बराच वेळ लागला, तोवर ती मान न हलवता बसली होती.

चाकं लागली. युनूसने जीप दगडांवर सोडली. ज्या जागी ती पुढून उचलली जायची, तिथे पुढची चाकं दगडाला धरून राहिली. मागची सरकली, थांबली, पुन्हा धरली. जीप वर गेली. नितीनने हात पुढे केला. “इकडं दे रिमोट.”

बोटं थरथरली की जीपही थरथरायची. ती झटके खात होती, तो दात-ओठ खात होता. पण उन्हं कलेपर्यंत त्याने रिमोट सोडला नाही.

त्यानंतर दर रविवारी युनूस त्याला मोटारसायकलवर मध्ये बसवून, मागे मला आधाराला घेऊन, नाल्यावर न्यायला लागला. पुढच्या खेपेस शिसं फार झालं. चाकं वळेनात, वळवणारी छोटी मोटर कण्हायला लागली. “लय जड केली तुमी, काढा थोडं,” नितीन म्हणाला. नाल्यातल्या धोंड्यावर फडकं पसरून आम्ही चाकं पुन्हा खोलली. मागच्या चाकांत नाममात्र ठेवलं, पुढे जास्त. पुढल्या रविवारी अजून एक तुकडा इकडचा तिकडे. बाहेरून बघणाऱ्याला काहीच दिसलं नसतं. तेच चाक, तोच टायर.

“आक्खं आयुष्य मी चाकं सारखी कराले शिसं लावून राह्यलो,” युनूस एकदा म्हणाला. “पयताना थरथरू नये म्हून. अन् इथं मुद्दामून समोर जास्त, मांगं कमी.”

“पयाचा हिसाब येगळा,” नितीन म्हणाला, “चढाचा येगळा.”

मला ते दिवस आठवतात तेव्हा हिवाळ्याचं पिवळं ऊन आठवतं, नाल्याच्या काठावर सुकलेलं गवत, दूर कुणाच्या तरी शेतात पेटवलेल्या पऱ्हाटीचा, कपाशीच्या वाळक्या काड्यांचा धूर. आणि तिघांचं न बोलणं. दुःखात माणसं एकमेकांना शब्द देतात, आणि ते शब्द फार लवकर संपतात. हातात स्क्रू असेल तर बोलावं लागत नाही. युनूसला हे कुठून उमगलं होतं कोण जाणे. मी शिकलेली, शिकवणारी. मी भावासाठी फळं आणि धीराची वाक्यं घेऊन यायचे.

पौष संपता संपता एक रविवार असा आला की नितीनने मध्येच रिमोट मांडीवर ठेवला आणि मला विचारलं.

“ताई, खरं सांग. पाय येतीन का वापस?”

डॉक्टरांनी मला केबिनमध्ये बसवून सांगितलं होतं. आई आणि रेखा रोज मोहरीच्या तेलाने त्याचे पाय चोळत होत्या. घरात कोणी हा विषय काढत नव्हतं. मी युनूसकडे पाहिलं. त्यालाही ठाऊक होतं. तो खाली वाकून जीपच्या चाकातली माती काढत होता.

“नाही,” मी म्हणाले. “हात सुधारतील. पाय पूर्ण येणार नाहीत म्हणाले. स्प्लिंट लावून चालता येईल.”

नितीनचा खालचा ओठ लहानपणी व्हायचा तसा वाकडा झाला आणि मग तो रडला. दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदा. युनूस त्याच्याजवळ जाऊन बसला, खांद्याला खांदा लावून. समजूत घातली नाही. रडं ओसरल्यावर म्हणाला, “माह्या दुकानी बसशीन? मशीनवर मानूस पाह्यजे. बसूनच काम हाय.”

“दया करून राह्यला का माह्यावर?”

“दया करतो तं घरी जेवाले बोलावलं असतं. कामाले बोलावून राह्यलो.”

“पाहू,” नितीन म्हणाला.

घरी आल्यावर त्याने खाटेखालचे स्प्लिंट मागितले. रेखाने धूळ पुसून दिले.

नाल्यात एक मोठा धोंडा होता, छातीएवढा, एका बाजूने अगदी उभा. त्यावर ती जीप कधीच चढली नव्हती. माघातल्या एका रविवारी नितीन काठी टेकत स्वतः त्या धोंड्यापर्यंत चालत गेला. पंजा अडकू नये म्हणून गुडघा उंच उचलून, दर पावलाला थांबत. मग धोंड्याला टेकून उभा राहिला आणि जीप लावली. पुढची चाकं दगडाला चिकटली. गाडी जवळजवळ उभी झाली. युनूस दोन्ही हात खाली धरून होता, पडली तर झेलायला. नितीनचं बोट कळेवर होतं आणि थरथरत नव्हतं. टायर दबले, घसरले, पुन्हा दबले आणि जीप धोंड्याच्या माथ्यावर जाऊन उभी राहिली. युनूस असा ओरडला की काठावरच्या शेळ्या उधळल्या. त्याने नितीनला उचलूनच घेतलं. नितीन हसत होता, “सोड बे, पडशीन!” म्हणत होता.

तो त्यांचा शेवटचा रविवार.

पळस फुलायला लागला होता. मी वर्गात होते. शिपाई बोलावायला आला, फोन रेखाचा होता. पुसदला कापसाच्या गाठी नेणारा एक ट्रकवाला दुकानात चाक घेऊन आला होता. हवा भरताना टायर धरून ठेवणारी रिमची लोखंडी रिंग उडाली. युनूस समोर उभा होता. दवाखान्यात न्यायलाही वेळ मिळाला नाही. एवढं सांगून रेखा नुसती हुंदके देत राहिली. माझ्या हातात खडू होता. मुलं बघत होती. मी त्यांना म्हणाले, “वाचा.” काय वाचा ते सांगितलं नाही.

मी पोचले तेव्हा युनूसच्या गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. फुलसावंगीहून नितीनला गाडीने आणलं होतं. तो अंगणात खुर्चीवर बसला होता, डोळे कोरडे. युनूसने दुकानात बसण्याबद्दल विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्याने अजून दिलेलं नव्हतं. जनाजा उचलायची वेळ झाली तसा तो काठी टेकून उभा राहिला आणि युनूसच्या वडिलांसमोर गेला.

“अब्बा, मले खांदा द्याचा हाय.”

लोक एकमेकांकडे पाहायला लागले. कोणीतरी मायेनेच म्हणालं, “भाऊ, तुमच्या पायानं कसं जमन? इथूनच हात लावा.”

म्हातारे अब्बा, ज्यांनी उभी हयात पंक्चरं काढली, त्यांनी नितीनच्या पायांतल्या स्प्लिंटकडे पाहिलं. मग त्याच्या हातातली काठी स्वतःकडे घेतली.

“देने दो उसको,” ते म्हणाले. “मेरे बेटे का भाई है.”

नितीनने पुढच्या दांड्याखाली खांदा दिला. युनूसच्या धाकट्या भावाने त्याची कंबर मागून धरली. आम्ही बायका आत होतो; मी ओट्याच्या दारातून बघत होते. जनाजा भराभर नेतात, खांदे पावलापावलाला बदलतात, हे मला ठाऊक होतं. नितीन गुडघा उंच उचलायचा, पाऊल टाकायचा, ते नीट टेकलं की दुसरा गुडघा. त्याच्यामागे सगळी गल्ली थांबायची आणि मग एक पाऊल पुढे व्हायची. दोन-तीनदा कोणी त्याचा खांदा बदलायला पुढे आलं. अब्बांनी हाताने मागे सारलं. कोणी घाई केली नाही. नुसता कलमा आणि मध्येच “आहिस्ता, आहिस्ता” एवढंच ऐकू येत होतं.

आत युनूसच्या बायकोजवळ त्याची अम्मी भिंतीला टेकून बसली होती. बराच वेळ झाला तरी आवाज गल्लीतून दूर जाईना, तशी अम्मीने डोळे उघडून मला विचारलं, “अभी निकले नहीं क्या?”

“निकल गए अम्मी,” मी म्हणाले. “नितीनने खांदा दिया है. उसको चलने में देर लगती है.”

तिने ओढणीने तोंड पुसलं. बाहेर पुन्हा एक पाऊल वाजलं. ती कान देऊन ऐकत राहिली.

“चलने दो बेटा,” ती म्हणाली. “उतनी देर तो घर के पास रहेगा.”